स्पॅनिश ऐकताना सगळं भरभर का वाटतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात सुरुवातीच्या पातळीची स्पॅनिश शिकवते. घरातच, होटगी रोडला, एका वेळी आठ-दहा जण. टॉवेल-चादरीच्या निर्यातीतली मंडळी असतात, स्पेनला शिकायला निघालेली पोरं असतात, आणि नातवंडं परदेशात म्हणून हौसेनं येणाऱ्या एक-दोन आजीही असतात. व्याकरणाचे प्रश्न प्रत्येकाचे वेगळे. ऐकण्याबद्दलची तक्रार मात्र सगळ्यांची एकच: "मॅडम, ही माणसं जरा दमानं बोलत नाहीत का?" फोनवर तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. स्पॅनिश शब्द मुद्दाम देवनागरीत दिलेत, कारण इथे विषय कानाचा आहे.

१. स्पॅनिश लोक खरंच इतकं भरभर बोलतात, की मलाच तसं वाटतं?

दोन्ही. आधी खरं काय ते सांगते. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी २०११ साली काही भाषांचा वेग मोजून प्रसिद्ध केला. एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत मातृभाषकांकडून वाचून घेतला आणि सेकंदाला किती अक्षरं, म्हणजे उच्चाराचे अवयव, पडतात ते मोजलं. स्पॅनिश ७.८२, जपानी ७.८४, इंग्रजी ६.१९, चिनी ५.१८. म्हणजे ज्या इंग्रजीची आपल्याला शाळेपासून सवय, तिच्यापेक्षा स्पॅनिश सेकंदाला दीडेक अक्षर पुढे पळते. पण स्पॅनिशच्या एका अक्षरात माहिती कमी मावते. त्याच गटानं २०१९ मध्ये १७ भाषा तपासल्या, तेव्हा माहितीचा ओघ सगळ्यांचा सरासरी सेकंदाला ३९ बिटच्या (बिट म्हणजे माहिती मोजायचं एकक) आसपास निघाला. पावलं जास्त टाकली तरी अंतर तेवढंच. (त्या १७ मध्ये एकही भारतीय भाषा नव्हती, त्यामुळे "मराठीचा वेग किती?" हे कृपया मला विचारू नका.)

आता वाटण्याची गोष्ट. न कळणारी भाषा कुठलीही असो, ती भरभरच वाटते. भाषा ऐकण्यावर आयुष्यभर काम केलेल्या अ‍ॅन कटलर यांनी या भ्रमाला नावच दिलं होतं, आपल्या भाषेत सांगायचं तर 'बडबड्या परक्याचा भास'. पुण्याहून माझा भाचा सुट्टीला येतो, तो इथल्या पोरांचं "काय करायलास बे" ऐकून म्हणतो, तुमच्याकडे लोक किती फास्ट बोलतात. आपण फास्ट बोलतो? आपल्याला तर पुण्याचे लोक तोडून तोडून बोलतात असं वाटतं.

माझ्या मामांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचा छोटा कारखाना होता. लहानपणी तिथे गेलं की मला एकच एक खडखडाट ऐकू यायचा, कुठे सुरू, कुठे संपला काही पत्ता नाही. मामा मात्र दारात चहा पिता पिता म्हणायचे, "तिसऱ्याचा धोटा अडकला बघ." आवाज दोघांच्या कानावर तोच पडत होता. मामा त्यात बारा माग वेगळे ऐकत होते.

२. पूर्ण वाक्य एकच लांबलचक शब्द वाटतो. शब्द संपतो कुठे तेच कळत नाही. असं का?

कारण बोलताना तो खरंच संपत नाही. छापताना शब्दांमध्ये मोकळी जागा सोडतात, बोलताना सोडत नाहीत. आपणही सोडत नाही. स्पॅनिश त्यात दोन गोष्टी आणखी करते.

पहिली, स्वराला स्वर भेटला की दोन्ही एकत्र येतात. 'एस्ता' (आहे) आणि 'आकी' (इथे) मिळून ऐकू येतं 'एस्ताकी'. घाबरण्यासारखं काही नाही, हा आपला सवर्णदीर्घ संधी, विद्या अधिक आलय. ज्या गावाचं ग्रामदैवत सिद्ध अधिक ईश्वर आहे, त्या गावच्या माणसानं संधीला घाबरायचं? फरक एवढाच की आपण संधी लिहून दाखवतो. स्पॅनिश तो तोंडात करते आणि कागदावर लपवते.

दुसरी, शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटतं. 'लोस ओखोस' म्हणजे डोळे, ऐकू येतं 'लो-सो-खोस'. तुमचा मेंदू मग 'सोखोस' नावाचा शब्द शोधत बसतो, आणि तो कुठल्याच शब्दकोशात नाही.

एक वाक्य जवळून बघा. "आता काय करणार आहेस?" याचं स्पॅनिश लिहिताना पाच शब्द: के, बास, आ, आसेर, आओरा. बोलताना: 'केबासासेराओरा'. मधला 'आ' पूर्ण गडप. वर्गात मी हे फळ्यावर पाच वेगळ्या तुकड्यांत लिहिते, मग डस्टरनं मधल्या जागा पुसते आणि पुन्हा ऐकवते. तेव्हा सगळे एकदम "ओऽऽ" करतात. ऑडिओचा वेग मी तसूभरही कमी केलेला नसतो.

३. कागदावर वाचलं की सगळं कळतं, ऐकताना शून्य. मग मला स्पॅनिश येतं की नाही?

डोळ्यांना येतं, कानांना अजून यायचंय. ऑडिओ भरभर वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि याच्यावर इलाजही आहे.

दहा सेकंदांचा तुकडा घ्या, जास्त नको. तीनदा ऐका आणि जे ऐकू येईल ते लिहा, देवनागरीत लिहिलं तरी चालेल. मग मूळ मजकुराशी ताडून पाहा आणि प्रत्येक हुकलेल्या शब्दाला खूण करा: हा शब्द मला माहीतच नव्हता, माहीत होता पण ओळखू आला नाही, की शेजारच्या शब्दाला चिकटला होता. माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ येतात. "मॅडम, फार फास्ट आहे" असं ते दर रविवारी ठामपणे सांगायचे. त्यांच्या वहीत एका तुकड्यातले पंधरा शब्द हुकलेले होते. त्यातले अनोळखी निघाले फक्त तीन. बाकीचे बारा त्यांना लिहिता येत होते, वापरता येत होते, फक्त ते बोलल्यावर कसे दिसतात, म्हणजे ऐकू येतात, ते ठाऊक नव्हतं.

आणखी एक. ऐकताना एका शब्दावर अडलात की तुम्ही त्याचा विचार करत बसता, आणि तोवर पुढचे चार निघून जातात. मग वाटतं बोलणारा पळाला. तो आपल्या चालीनंच चालला होता, थांबलात तुम्ही. अडलेला शब्द सोडून द्यायचा, परत ऐकताना धरायचा. सांगायला सोपं आहे, मला स्वतःला जमायला वर्ष गेलं.

४. वेग ०.७५ करून ऐकावं का? मी तर ०.५ लावतो.

०.७५ ला माझी हरकत नाही. एका मिनिटाचा ऑडिओ ८० सेकंदांचा होतो, आवाज बराचसा माणसाचा राहतो. ०.५ वर तोच दोन मिनिटांचा होतो आणि बोलणारा रात्री उशिरा हॉटेलातून निघालेला वाटतो. स्वर ताणले जातात, 'प', 'त', 'क' सारखी टचकन फुटणारी व्यंजनं पुसट होतात.

मुख्य अडचण पुढेच आहे. वेग कमी केल्यानं चिकटलेले शब्द सुटत नाहीत. 'केबासासेराओरा' अर्ध्या वेगानं लावलंत तर 'केऽबासाऽसेराऽओरा' ऐकू येईल, तो गडप झालेला 'आ' काही परत येणार नाही.

त्यापेक्षा थांबे वाढवा. इंग्रजी शिकणाऱ्यांवर एलीन ब्लाऊ यांनी केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात वेग उतरवण्यापेक्षा वाक्याच्या तुकड्यांमध्ये थांबे घातल्यानं समज जास्त वाढलेली दिसली. घरी करायला अगदी सोपं: मूळ वेग ठेवा, प्रत्येक वाक्यानंतर बोटानं थांबवा, मनात वाक्य पुन्हा म्हणा, मग पुढे. कळलं नाही तर फक्त तेवढं वाक्य एकदा ०.७५ वर ऐका आणि लगेच मूळ वेगावर. शेवटचं ऐकणं नेहमी मूळ वेगाचं हवं, हा माझ्या वर्गाचा नियम आहे.

५. पुस्तकावर 'नवशिक्यांसाठी' लिहिलंय, तरी त्याचा ऑडिओ भरभर का?

कधी कधी तो खरंच तसा असतो. मोजून बघा. मजकुरातले शब्द मोजायचे, मिनिटांनी भागायचं. समजा ३० सेकंदांत ६० शब्द आहेत, म्हणजे मिनिटाला १२० शब्द, ऐकायला निवांत वाटणारा आकडा. पण घड्याळ लावून मधल्या शांतता वेगळ्या मोजा. त्या १० सेकंदांच्या निघाल्या, तर ते ६० शब्द प्रत्यक्षात २० सेकंदांत बोलले गेले, म्हणजे मिनिटाला १८० च्या चालीनं. पुस्तकवाले पहिला आकडा सांगतात, तुमचा कान दुसरा ऐकतो. तरीही असा ऑडिओ मी वाईट मानत नाही, कारण थांबे भरपूर आहेत (प्रश्न ४ पाहा).

वाईट म्हणेन ते याच्या उलट्या प्रकाराला: एकेक शब्द सुटा सुटा, शाळा तपासणीला इन्स्पेक्टर आल्यासारखा. मशीनचे काही आवाजही असेच बोलतात. त्यातलं सगळं कळतं आणि माणूस बोलायला लागला की काहीच कळत नाही. सोलापूर स्टेशनवरची गाडीची घोषणा आणि एसटी स्टँडवरचा कंडक्टर आठवा. स्टेशनवर गाडीचा नंबरसुद्धा एकेक आकडा सुटा करून सांगतात. स्टँडवर 'अक्कलकोट'चं 'कल्कोट-कल्कोट-कल्कोट' झालेलं असतं आणि तरी चढणारे बरोबर त्याच गाडीत चढतात. स्टेशनची घोषणा पाठ करून स्टँडवर निभाव लागत नाही.

६. सुरुवातीला किती वेगाचं कळायला हवं? काही अधिकृत माप आहे का?

शब्दांच्या आकड्यात नाही, पण वर्णन आहे. युरोपची २००१ सालची जी सामायिक भाषा-चौकट आहे, तिच्यात ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीच्या माणसाकडून अपेक्षा अशी: बोलणं अगदी सावकाश, काळजीपूर्वक उच्चारलेलं, आणि अर्थ लागायला वेळ मिळावा म्हणून मध्ये लांब लांब थांबे असतील, तर त्याला ते समजावं. एवढंच. शिकायला लागून तीन महिने झालेत आणि बातम्या कळत नाहीत म्हणून रडू नका. कळाव्यात अशी अपेक्षा कुणीच केलेली नाही.

७. वर्गाचे ऑडिओ तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता, तिथे वेग कमी करायचं बटण सापडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजला वेग वाढवायची सोय आहे, दीडपट, दुप्पट. कमी करायची नाही. (घाईच्या लोकांसाठी बनवलंय.) फाइल फोनमध्ये सेव्ह करून व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये उघडा, तिथे वेग दोन्ही बाजूंना हलतो. यूट्यूबला तो सेटिंगमध्ये आहे. ड्युओलिंगोत कासवाचं बटण असतं. गूगल ट्रान्सलेटमध्ये स्पीकरवर दुसऱ्यांदा दाबलं की तेच वाक्य हळू वाचून दाखवतं, मात्र सुटं सुटं. त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये लिहिलंय.

८. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तोच ऑडिओ निवांत वाटतो. तिच्या घरी तेलुगू बोलतात, त्याचा संबंध असेल का?

थोडा असू शकेल. तेलुगूत शब्द बहुतेक स्वरानं संपतो आणि पुढचा स्वरानं सुरू झाला की दोन्ही मिळतात. 'वाडु' अधिक 'एवडु' म्हणजे 'वाडेवडु', तो कोण. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू भाषकांच्या वस्तीत वाढलेल्या पोरांचा कान असे जोड न विचारता सोडवत आलेला असतो. स्पॅनिशमधला जोड त्यांना नवा वाटत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. संशोधन म्हणून सांगत नाही. त्यातून सोलापूरचा माणूस घरात एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा ऐकतच मोठा होतो, त्यामुळे न कळणाऱ्या आवाजाला तो लगेच बिचकत नाही.

पण नुसतं मराठी बोलणाऱ्यांनाही आयतं बरंच मिळालेलं आहे. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दाती आहेत, 'प' आणि 'क' मध्ये इंग्रजीसारखा हवेचा झोत नाही, आणि स्वर पाचच. आणि एवढं सांगूनही, ती मुलगी कदाचित घरी रोज अर्धा तास ऐकत असेल. एकदा विचारून बघा.

९. कुठल्या देशाची स्पॅनिश हळू आहे? तिथलेच ऑडिओ ऐकू.

'हळू' पेक्षा 'स्पष्ट' म्हणा. बोगोता, मेक्सिकोचं पठार, पेरूचा डोंगराळ भाग इथली माणसं शब्दाच्या शेवटचा 'स' शाबूत ठेवतात, त्यामुळे नवशिक्याला शब्दाची कड सापडते. क्यूबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि स्पेनच्या दक्षिणेचा आंदालुसिया इथे तो 'स' हवेत विरतो: 'लोस आमिगोस'चं 'लोह आमिगोह', आणखी पुढे 'लो आमिगो'. 'कान्सादो' (दमलेला) हा 'कान्साओ' होतो, तेही दमल्यासारखंच. 'पारा' (म्हणजे 'साठी') याचं नुसतं 'पा' उरतं. अक्षरं खाल्ली की तेवढ्याच वेळात जास्त शब्द बसतात, आणि तुमच्यासाठी ओळखीच्या खुणाही जातात. चिलीबद्दल तर बाकीचे स्पॅनिश भाषकसुद्धा कुरकुर करतात.

सुरुवातीचे सहा महिने एकाच भागाचे आवाज ऐका, मग बदला. नोकरी किंवा धंदा ज्या देशाशी असेल, तो आधी.

१०. वेग कमी करूनही मला 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' यांतला फरक ऐकू येत नाही.

हे दुखणं वेगाचं नाहीच. दोन्ही शब्द 'आब्लो'. जोर 'आ'वर असेल तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर असेल तर 'तो बोलला'. मराठीत जोर इकडचा तिकडे केला तर विचित्र वाटतं, पण अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घ ऐकायला जातो आणि स्पॅनिशमध्ये त्याला काही किंमत नाही. 'पापा'त पहिल्या अक्षरावर जोर म्हणजे बटाटा, दुसऱ्यावर म्हणजे बाबा. हे लक्षात ठेवायला कुणालाच अवघड जात नाही.

अशा जोड्या टेबलावर बोट आपटत म्हणा, जोर असेल तिथे बोट. दोन आठवड्यांत कान लागतो.

११. बाकी सगळं जमतं, आकडे आले की गाडी घसरते. का?

आकड्याला संदर्भाचा आधार नसतो. बाकीच्या वाक्यात एक शब्द हुकला तरी अंदाज बांधता येतो, 'सेसेंता'च्या जागी 'सेतेंता' ऐकलं तर कुठलाही अंदाज वाचवत नाही. साठ आणि सत्तर. मधला 'स' की 'त', एवढाच खेळ.

मी शिकवायला लागण्याआधी एका टॉवेल निर्यातदाराकडे कामाला होते. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, मी मोठ्या ऐटीत स्पॅनिशमध्येच घेतला. ते म्हणाले सेसेंता डझन, मी लिहिले ७० डझन, आणि न विचारता तीनदा "सी, सी" (हो, हो) म्हणाले. दहा डझन टॉवेल जास्तीचे विणून झाल्यावर चूक कळली. शेठजी काही बोलले नाहीत. पण पुढच्या दिवाळीला सगळ्यांना मिठाई आणि मला मिठाईबरोबर अर्धा डझन टॉवेल मिळाले, त्याच रंगाचे.

यात एक दिलासा आहे. मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, स्पॅनिशमध्ये तीसच्या पुढे सगळं सरळ 'चाळीस आणि पाच' या पद्धतीनं. रोज पाच मिनिटं कुणाकडून तरी दोन आकडी संख्या ऐकून लिहा, बस्स.

१२. हळू ऐकायची सवय लागली तर परीक्षेत फजिती होईल का?

फक्त हळूच ऐकलंत तर होईल. म्हणून प्रश्न ४ मधला शेवटच्या ऐकण्याचा नियम. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषा-संस्थेच्या 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेत ए-१ ला प्रत्येक ऑडिओ दोनदा ऐकवतात. पहिल्या वेळी कोण, कुठे, कशाबद्दल एवढंच धरा, दुसऱ्या वेळी उत्तर. पहिल्याच वेळी सगळं पकडायला जाणारे दोन्ही वेळा घाबरलेले असतात. तिथे बटण तुमच्या हातात नसतं, म्हणून परीक्षेच्या आधीचा महिना घरीही हात बांधून ऐका.

१३. सबटायटल लावून बघितलं की वेग बरोबर वाटतो. चालेल ना?

स्पॅनिश सबटायटल असतील तर चालेल, कारण डोळे कानाला शब्दांची कड दाखवतात. इंग्रजी असतील तर तुम्ही इंग्रजी वाचताय, स्पॅनिश मागे पार्श्वसंगीतासारखी चाललीय. वेग बरोबर वाटणारच.

१४. गाण्यांचं काय?

आनंदासाठी ऐका. चालीसाठी जोर आणि स्वर हवे तसे ताणलेले असतात, वेगाचा अंदाज त्यावरून घेऊ नका.

१५. एखाद्या दिवशी चांगलं कळतं आणि दुसऱ्या दिवशी तोच ऑडिओ सुसाट. मी मागे चाललेय का?

दमलेल्या कानाला सगळंच सुसाट वाटतं. दिवसभराच्या कामानंतर, पंख्याच्या आवाजात, फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकत असाल तर आधी हेडफोन घ्या. मग सकाळी ऐकून बघा. शांत खोलीत मराठी बोलणंही नीट ऐकू येत नसेल, तर मात्र स्पॅनिशचा विषय बाजूला ठेवून कान तपासून घ्या. हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

१६. समोरच्या माणसाला 'हळू बोला' कसं म्हणायचं?

"मास देस्पास्यो, पोर फाबोर." लोक हसून हो म्हणतात, एक वाक्य हळू बोलतात आणि दुसऱ्या वाक्याला परत आपल्या चालीवर येतात. त्यांचा दोष नाही, तुम्हीही भाच्यासाठी किती वेळ पुणेरी बोलाल? त्यापेक्षा जे हुकलं नेमकं तेच विचारा. 'कुठे?' म्हणजे 'दोंदे?', 'कधी?' म्हणजे 'क्वांदो?'. आणि आकडा असेल तर सुटा करून परत म्हणा: "सेइस सेरो, ओ सिएते सेरो?" सहा शून्य, की सात शून्य? हे वाक्य मला तेव्हा येत होतं. विचारायची लाज वाटली. ते टॉवेल अजून घरात आहेत, फिकट निळे.